जब्बारमामा आणि हंसराजाचे दोन ट्रे

जब्बारमामा पुण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होते. बटाट्याच्या फोडीत पान धरून ब्लेडने ते इतके पातळ काप काढत, की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजून घ्यावी. या हाताचा त्यांना अजिबात गर्व नव्हता. तसं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. नवं ब्लेड मागणाऱ्या पोराला "दाढी करायचीय का?" असं विचारल्याशिवाय ब्लेड मिळत नसे.

दोन वर्षांपूर्वी वल्लरी पीएच.डी. करायला आली. तिचा विषय हंसराज, म्हणजे विहिरीच्या कडेला उगवणारा काळ्या देठाचा नाजूक नेचा.

"याच्या पानात सिलिका असते मामा, वाळूत असते तीच," तिने समजावलं. "आणि पेशींच्या भिंतीत साखरेच्या लांब साखळ्या. सिलिका मिळालीच नाही, तर भिंत या साखळ्या वाढवते का, ते बघायचंय."

"म्हणजे सिमेंट नसेल तर सळया जास्त."

"अगदी तेच!"

"मग एवढं इंग्रजी कशाला लिहिता?"

तिने दोन ट्रे लावले. एकाला सिलिका घातलेलं पाणी, दुसऱ्याला बिनसिलिकाचं. चार महिन्यांनी तपासलं तर सगळं उलटं! उपाशी ठेवलेल्या ट्रेमधलीच पानं सिलिकेने गच्च. वल्लरीला डबा गोड लागेना.

मामांना कारण ठाऊक होतं. तपासणीच्या चार दिवस आधी खिडक्यांना रंग दिला, तेव्हा त्यांनी ट्रे हलवले होते. लेबलं भिजून पडली, ती त्यांनी अंदाजाने परत चिकटवली. आता 'बिनसिलिका' लिहिलेल्या ट्रेमधलं पान कापताना ब्लेड करकरत होतं आणि चार कापांत बोथट होत होतं. दुसऱ्या ट्रेमधली पानं लोण्यासारखी कापली जात होती.

विश्रांतवाडीला घरी जाऊन त्यांनी बायकोला, अमिनाबींना, सगळं सांगितलं. "आजवर एक चूक नाही माझ्या हातून. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"घरातल्या धरल्या नाहीत वाटतं," अमिनाबी म्हणाल्या. "आहे त्याच तोंडाने सांगा. दुसरं आणणार कुठून?"

सकाळी त्यांनी वल्लरी आणि तिच्या मार्गदर्शक सुनीती मॅडम, दोघींसमोर सांगून टाकलं. वल्लरीचे डोळे भरून आले. "चार महिने, मामा!" कुणी ओरडलं असतं तर बरं, असं मामांना वाटलं.

खात्री करायला मॅडमनी दोन्ही ट्रेमधली दहा पानं मिसळून पुढ्यात ठेवली. मामांनी नुसत्या ब्लेडच्या आवाजावरून ती वेगळी केली. यंत्राने तपासलं, तर दहाच्या दहा बरोबर.

"मग फक्त लेबलं बदलते!" वल्लरी म्हणाली.

"जब्बारभाईंचा कान शोधनिबंधात चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "नव्याने लाव."

पुढचे चार महिने मामा रविवारीसुद्धा बस पकडून पाणी घालायला आले. या वेळी आकडे सरळ आले. बिनसिलिकाच्या पानांत साखळ्या वाढल्या होत्या. फार नाही, पण निबंध छापून यावा इतक्या.

वल्लरीने छापील प्रत आणून शेवटच्या आभारातलं त्यांचं नाव दाखवलं. मामांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली.

"लेबलांचं कुठे लिहिलंय?"

"ते नसतं हो लिहायचं, मामा."

"मग अर्धवटच आहे," मामा म्हणाले, आणि प्रत घडी पडणार नाही अशी पिशवीत ठेवून बस पकडायला गेले.