नायगावच्या चौकातला माझा फोटो

लातूरची नोकरी घ्यावी की नको याचा मी अजून विचारच करत होते, तेवढ्यात सासरच्या गावी, नायगावच्या चौकात, माझा बॅनर लागला. ‘लातूर येथील नामांकित क्लासमध्ये जीवशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून निवड झाल्याबद्दल आमच्या काकूंचे हार्दिक अभिनंदन.’ मधोमध माझा हसरा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून भावकीतल्या पोरांचे गॉगल लावलेले चेहरे. आमच्या भागात बॅनर कशाचाही लागतो. कुणी पोलीस भरतीत लागलं, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणाच्या लेकराचा पहिला वाढदिवस आला की लाव बॅनर. ‘विचार चालू असल्याबद्दल अभिनंदन’ असा मात्र कुणी छापत नाही.

मी तेव्हा नांदेडच्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. नोकरी कायमची, पगार वेळेवर, घर चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी चारला घरी, चहा, मग थोडा वेळ आडवं पडायचं. ही नोकरी मला मनापासून आवडायची आणि ते उघड बोलायची सोय नव्हती, कारण आहे त्यात सुख आहे म्हणणाऱ्याला लोक आळशी समजतात. समजू देत. वर्गातली निम्मी मुलं कॉलेजात नुसतं नाव घालून लातूरला मेडिकलच्या तयारीचा क्लास करायला गेलेली असत. उरत ती बसने येणारी, क्लासची फी न परवडणारी. त्यांना घेऊन मी निवांत प्रॅक्टिकल करायची. कांद्याचा पापुद्रा काढायचा, काचेवर ठेवायचा, सूक्ष्मदर्शकात एकेकाने बघायचं. एखाद्याला दिसेपर्यंत घंटा होऊन जाई. मला घाई नव्हती आणि मुलांनाही नव्हती.

लातूरच्या क्लासचा मालक माझाच जुना विद्यार्थी. पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, वाकून पाया पडला आणि आत्ताच्या तिप्पट पगार देतो म्हणाला. वर राहायला खोली. पगाराचा विषय काढताना तो माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघत होता, ते मला तेव्हाच खटकलं. मी म्हटलं, आधी एक तास घेऊन बघते, मग सांगते.

तो तास मी घेतला. भला मोठा एसी हॉल, कॉलरला माइक, समोर माना खाली घालून लिहिणारी मुलंच मुलं. तास चांगला झाला. इतकी मुलं आपला शब्द न् शब्द उतरवून घेताहेत याची थोडी झिंगही चढली, खोटं कशाला बोलू? शेवटी मी काही शंका आहे का विचारलं, तर एका मुलीने हात वर केला आणि हा भाग परीक्षेला किती वेळा आलाय ते विचारलं. प्रयोगशाळा कुठे आहे असं मी मालकाला विचारलं, तेव्हा तो हसला. त्याची आता गरज पडत नाही मॅडम, म्हणाला.

मी विचार करायला महिनाभर मागितला. त्याने आनंदाने दिला आणि दुसऱ्या दिवशी ओळखपत्रासाठी म्हणून फोटो मागवला. फोटोत मी बरी दिसत नाही. कॅमेरा समोर आला की माझा चेहरा शोकसभेला बसल्यासारखा होतो. एकच फोटो बरा होता, आमच्या प्रयोगशाळेतला. एक मुलगी सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पेशी बघून एकदम म्हणाली होती, ‘मॅडम, हे तर आमच्या मामाच्या नव्या घराची फरशी दिसून राहिली.’ सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि माझ्या सहकारी मॅडमनी तेवढ्यात फोटो काढला. तोच मी पाठवला. ओळखपत्राला कोणताही चालतो, असं मला वाटलं.

त्या महिन्यात नवरा एकच वाक्य बोलत होता, ‘तू ठरव.’ तो जिल्हा परिषदेत आहे, ‘योग्य तो निर्णय घ्यावा’ असं लिहून फाइल पुढे सरकवायची त्याला सवय आहे. मी म्हणायची, तुझं मत सांग. तो म्हणायचा, माझं काय, नोकरी तुला करायची आहे. पण रोज संध्याकाळी मोबाइलवर तीन खोल्यांचे फ्लॅट बघत बसायचा आणि मी जवळ गेले की स्क्रीन बंद करायचा. सरळ जा म्हणाला असता तर मी भांडले असते. नको म्हणाला असता तरी भांडले असते. त्याने भांडायला जागाच ठेवली नाही, त्याचा मला फार राग यायचा.

तशात मालकाने माझा फोटो कापून, मागची प्रयोगशाळा पुसून, ‘लवकरच आपल्या सेवेत’ अशी जाहिरात मोबाइलवर फिरवली. ती माझ्या पुतण्याने पाहिली. हा मोठ्या दिरांचा मुलगा, नायगावच्या चौकात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याने मला फोनही केला नाही. आनंदाच्या गोष्टीला काय विचारायचं? दुसऱ्या दिवशी बॅनर उभा, आणि त्याचा फोटो नांदेडपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर.

कॉलेजात गेले तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे अभिनंदन करू लागले. अजून काही ठरलं नाही, असं मी प्रत्येकाला सांगत होते आणि प्रत्येकजण ते विनय समजून हसत होता. प्राचार्यांनी तर, जाताना आधी सांगायचं होतं, असा लटका रागही भरला.

ज्यांनी तो फोटो काढला होता त्या सहकारी मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवायचं तितक्याच तासांचे पैसे, सुट्टी लागली की पगार बंद. शिकवायच्या माझ्याहून चांगल्या, पण कायमची जागा निघेना. त्या दिवशी त्यांनी डब्यात शिरा आणला होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटला, माझ्या वाटीत जास्त घातला आणि कुणी जवळ नाही असं बघून हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, तुमची जागा सुटली की माझं काहीतरी होईल, असं घरी सगळे म्हणून राहिलेत.’

मी वाटी टेबलावर ठेवली. मी जात नाही, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? माझी दुपारची झोप आणि माझा कांद्याचा पापुद्रा यांच्यासाठी मी ही खुर्ची अडवून बसणार होते. त्यांनी मला काही मागितलं नव्हतं. नुसता शिरा दिला होता.

तरी पण मी ठरवलं. जायचं नाही. रविवारी एकटीच बसने नायगावला गेले, आधी तो बॅनर उतरवायचा म्हणून. चौकात उतरले तर समोर मीच, उसाच्या रसाच्या गाड्याच्या वर, हसत उभी. रस काढणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि ग्लास पुढे केला. काही केल्या पैसे घेईना.

पुतण्याला मी शांतपणे समजावलं की मी लातूरला जात नाहीये, बॅनर काढून घे. त्याने हातातला गिऱ्हाइकाचा मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘काकू, आता ते काढता येत न्हाई. आपोआप फाटलं तर गोष्ट येगळी. हातानं उतरवलं, तर लोकं म्हनतील, लातूरवाल्यानं काढून टाकलं. नापास झाल्या म्हनतील.’

मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण तो बरोबर बोलत होता. इथे बॅनर लागला की तो वारा नेईल तेव्हाच जातो. मुदतीआधी कुणाचा उतरला तर त्यामागे काहीतरी काळंबेरं आहे असंच धरलं जातं. निवडणुकीत कुणी पक्षातून हाकललेला असतो, नाहीतर कुणाचं लग्न मोडलेलं असतं. मी स्वतः अशा रिकाम्या बांबूंकडे बघून चौकशा केलेल्या आहेत.

तेवढ्यात घरातून मोठ्या जाऊबाई चौकात आल्या. मी जायचं नाही म्हणतेय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरून मला बॅनरसमोर नेलं. इतक्या वर्षांत आपल्या घरातल्या गड्यांचे चेहरे इथे चारदा लागले, बाईचा पहिल्यांदा लागला, असं सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. रोज सकाळी दूध घालून येताना त्या मुद्दाम इकडून येत होत्या. त्यांच्या सुनेला, लेकीला, शेजारणीला, सगळ्यांना दाखवून झालं होतं.

मी पुतण्याकडे पाहिलं, तर तो मोबाइलच्या काचेवर कापड फिरवत होता. परतीच्या बसमध्ये खिडकी उघडी असूनही मला कोंडल्यासारखं होत होतं. मला कुणीही ढकललं नव्हतं. सगळ्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या होत्या आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना तुम्ही थांबा म्हणून सांगता येत नाही. घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, काय ठरलं? जाते, म्हटलं. तो म्हणाला, बघ, तू ठरवलंस ते चांगलं झालं. मी आत जाऊन भांडी आपटली.

राजीनामा दिला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ झाला. सहकारी मॅडमनी भाषण केलं आणि मध्येच रडल्या. जागा रिकामी झाली खरी, पण ती भरायची सरकारी परवानगी अजून आलेली नाही. माझे तास त्यांनाच दिलेत, त्याच दराने. त्या अधूनमधून फोन करतात आणि जागेचा विषय काढत नाहीत. मीही काढत नाही.

आता लातूरला आहे. आठवडाभर खोलीवर, रविवारी अर्धा दिवस नांदेडला. सकाळी अंधारात पहिली बॅच, रात्री शेवटची, मध्ये प्रश्नसंच. पगार सांगितला होता तेवढा येतो, मालक शब्दाचा पक्का आहे. नांदेडला फ्लॅट घेतला. त्याचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे परत फिरायचा विषयही आता मिटला. दुपारी चारला इथे हॉल भरलेला असतो आणि नेमका तेव्हाच मला चहा आठवतो. तिसऱ्या बॅचला तेच विनोद त्याच जागी करताना आपण रेकॉर्ड लावलंय असं वाटतं. मुलं तेव्हाही वर बघत नाहीत.

क्लासच्या समोरच्या चौकात आमचं मोठं होर्डिंग आहे. बाकीचे सगळे सर टाय लावून, हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या घालून उभे. तशी इथली पद्धतच आहे, सर जितके रागीट तितका निकाल चांगला, असं लोक मानतात. त्यांच्यात मी एकटी हसते आहे. दुसरा फोटो काढायचा म्हणून मालकाने मला दोनदा स्टुडिओत नेलं, पण शोकसभेचाच चेहरा आला. शेवटी त्याने जुनाच ठेवला.

परवा प्रवेशासाठी एक आई मुलीला घेऊन आली. किनवटकडचं इस्लापूर, पहाटेची पहिली गाडी धरून निघालेल्या. ऑफिसमध्ये फीचं बोलणं झाल्यावर आई मुद्दाम मला भेटायला थांबली. मुलगी भेदरलेली होती, आईचा पदर सोडत नव्हती. आई म्हणाली, ‘चार क्लास बघून आलो मॅडम. पोरगी म्हने, मला इथं न्हाई राहायचं. मग तुमचा फोटो बघितला अन् तिला म्हनलं, हितं घालू तुला. या मॅडम बघ, शिकवताना किती खूश हायत.’

मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने वळून काचेतून बाहेर, होर्डिंगकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. मी हसायचा प्रयत्न केला. तिने आईचा पदर आणखी घट्ट धरला.