ड्रायव्हरतात्यांचं पुस्तक

ड्रायव्हरतात्यांच्या लिखाणात पूर्णविराम नसायचा. बारामतीतून निघालेलं वाक्य इंदापूर आल्याशिवाय थांबत नसे. एसटी चालवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या तात्यांनी निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. नव्वदीच्या दशकात मी पुण्यातली प्रकाशनाची नोकरी सोडून बारामतीत घरीच पुस्तकं संपादित करायचं ठरवलं. संपादन म्हणजे वर्तमानपत्र काढणं, असंच तेव्हा लोकांना वाटे. त्यामुळे तात्या हेच माझे पहिले लेखक, आणि बराच काळ एकमेव.

जवळच्या जळोचीहून ते सायकलवर येत. आधी स्वतः वाचून दाखवत, मगच कागद हातात देत. वाचताना घाट आला की त्यांचे दोन्ही हात हवेत स्टिअरिंग फिरवत. सुप्याच्या माळावर मेंढरांमागे गेलेलं लहानपण, पहिलं लायसन, उतारावर निकामी झालेले ब्रेक, सगळं डोळ्यांपुढे उभं राही. मी भीत भीत काटछाट सुचवली, तर म्हणाले, "कापा की. वझं कमी झालं की गाडी बरी पळती."

पण एवढ्या मजकुरात त्यांची बायको कुठेच नव्हती. काकू वारल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. एकदा धीर करून विचारलं, "तात्या, यात काकू कशा नाहीत?"

त्यांनी कागद गोळा केले. "लोकांना दिलं ते लोकांचं झालं, ताई. ती माझी हाय." आणि निघून गेले.

पुढे कित्येक आठवडे ते फिरकले नाहीत. दुसरं काम नव्हतं. पुन्हा नोकरी बघ, असं घरचे म्हणू लागले आणि मलाही ते पटू लागलं.

एका दुपारी तात्या आले. एकच पान माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ह्ये तुमीच वाचा. माझ्यानं व्हायचं न्हाय."

काकू एकदाच त्यांच्या गाडीत बसल्या होत्या. कंडक्टर नको म्हणत असताना त्यांनी तिकीट काढलं होतं. इंदापूरला सगळ्यांच्या शेवटी उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "लई हळू चालवता तुमी." ती गाडीत होती म्हणून त्या दिवशी वेग धरवला नाही, असं तात्यांनी खाली लिहिलं होतं.

पुस्तक निघालं. ते पाहून आणखी दोघेतिघे आपापली बाडं घेऊन आले आणि नोकरीचा विषय मागे पडला.

काही वर्षांनी तात्या गेले. दशक्रियेला त्यांचा मुलगा मला म्हणाला, "आईबद्दल ते घरात कधी बोलले न्हाईत. आमाला ती तुमच्या कामामुळं भेटली."

माझं कसलं काम? त्या एका पानाला मी पेनसुद्धा लावलं नव्हतं.