अर्धा सूर उतरलेला पियानो

जराशी ताणली आणि पहिलीच तार तुटली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या तारेवरून बोट फिरवलं तर बोटाला तांबूस गंज लागला. तिला हात लावायची माझी हिंमतच होईना.

साठ सालानंतरची गोष्ट. दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवरचं गाव होतं. त्यातल्या देरा भागात हुसेनभाईंचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान होतं. ते श्रीवर्धनचे, मी राजापूरकडचा. मुंबईत एका वर्कशॉपमध्ये मी पियानोचं काम शिकलो होतो, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. इथं राहायचा माझा परवाना त्यांच्या नावावर होता. त्यांनी 'खलास' म्हटलं की मी पुढच्या बोटीनं घरी. घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी, सगळ्यांची भिस्त माझ्यावर.

पियानो होता मिसेस केलर या जर्मन बाईंचा. नवरा इंजिनिअर, बंगला जुमेराला अगदी समुद्राला लागून. खाऱ्या हवेनं तारांची वाट लागली होती. शुक्रवारी त्यांच्याकडे छोटा कार्यक्रम होता. बाई पियानो वाजवणार आणि शारजाच्या लष्करी कॅम्पातला एक इंग्रज ऑफिसर फ्लूट. हा ऑफिसर दुसऱ्याच दिवशी कायमचा विलायतेला निघाला होता. म्हणजे शुक्रवार चुकला की संपलं.

ट्यूनिंगमध्ये दोन कामं असतात. एक, पियानोच्या सगळ्या तारा आपापसांत जुळवायच्या. दोन, तो अख्खा पियानो ठरलेल्या सुरावर आणायचा, म्हणजे दुसरं वाद्य त्याच्याबरोबर वाजू शकतं. हा पियानो वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षामुळे सगळाच्या सगळा अर्धा सूर खाली उतरला होता. वर आणायचा तर प्रत्येक तार ताणायला हवी, आणि ताणली की गंजलेली तार जाणार. फ्लूटचा सूर थोडासा उतरवता येतो, पण इतका नाही.

दुकानात येऊन मी हुसेनभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सावकाश ओढ. मी म्हटलं, सावकाश ओढली तरी गंज तोच आहे, आणि इथं कुठं तार मिळत नाही, मुंबईहून बोटीनं येणार.

"इब्राहिम, मी मॅडमना जबान दिलीय," ते म्हणाले. "तिथं गावातले अर्धे साहेबलोक येणार. शुक्रवारी माझी फजिती झाली, तर तू आपली पेटी भरायला घे."

माणूस वाईट नव्हता. पण नवं दुकान, नवी गिऱ्हाइकं. त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी ठरवलं, जायचंच तर खरं सांगून जाऊ.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, पियानो आहे तिथंच ठेवून आपापसांत मी गोड जुळवून देतो. नुसता पियानो वाजवा, कुणाला कळणार नाही. फ्लूटबरोबर मात्र जमणार नाही."

"एकटीनं वाजवायची ती चीजच नाही," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मग त्यांनी मला ग्राबर मास्तरांची गोष्ट सांगितली.

हे ग्राबर मास्तर म्हणजे बाईंच्या आजीचे गुरू. एकोणिसाव्या शतकातले, विणकराचा मुलगा. लहानशा गावात शिकवायचे आणि रविवारी आसपासच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. नावाजलेले नव्हते. शिकणाऱ्यांसाठी छोटे-छोटे धडे लिहिले आणि फ्लूट-पियानोची एवढी एकच मोठी चीज. छापील प्रती युद्धात जळून गेल्या. आजीनं शिकवलं तेवढं बाईंच्या बोटांत उरलं होतं. फ्लूटचा भागही त्यांनी आठवून ऑफिसरला लिहून दिला होता. शुक्रवारी ते कुणीतरी पुन्हा ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा.

बोलता बोलता त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, त्या काळी एका चर्चच्या ऑर्गनचा सूर दुसऱ्याशी जुळायचा नाही. एक वर, एक खाली. गाणारे मात्र तेच. मग मास्तर काय करणार? ऑर्गन बदलता येत नाही, म्हणून ते स्वतःच पट्टी बदलून वाजवायचे. आणि शिष्यांनाही प्रत्येक धडा सगळ्या पट्ट्यांतून वाजवायला लावायचे. आजी रडायची म्हणे. पुढं आजीनं नातीला रडवलं.

आपल्याकडे गवई काळी एक सोडून काळी दोनमध्ये गायला लागला की पेटीवाला जसा सरकतो, तसंच हे. फरक इतकाच की इथं दहा बोटांनी एकदम सरकायचं.

बाई उठून पियानोवर बसल्या आणि ती चीज अर्धा सूर वरून वाजवू लागल्या. दोन-तीनदा अडखळल्या, जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटल्या, पुन्हा सुरू केलं. पियानो अर्धा सूर खाली, हात अर्धा सूर वर. मी खिशातला, ठरलेला सूर देणारा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर मारून कानाशी धरला. सूर बरोबर जुळला होता. मला तिथंच रडू आलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"तुम्ही तुमचं काम करा," त्या म्हणाल्या, "मी माझं करते."

तुटलेल्या तारेचं काम शेजारच्या दोन तारांवर भागवलं. वरच्या सुरांना तीन-तीन तारा असतात, त्यामुळे खपून गेलं. बाकीच्या तारा फुलासारख्या हाताळल्या. मी निघालो की बाई सरावाला बसायच्या.

शुक्रवारी हुसेनभाई दारापाशी उभे होते. तार तुटल्याचा आवाज येईल म्हणून त्यांचे कान पियानोकडे, आणि रुमाल सारखा मानेवर. फ्लूट सुरू झाला, पियानो त्याला जाऊन मिळाला. मला त्या संगीतातलं फार कळत नाही. पण दोघांमध्ये केसाचीही फट नव्हती, ते मला कळतं. संपल्यावर ऑफिसर बाईंचा हात बराच वेळ धरून उभा होता. बाईंनी पाहुण्यांसमोर आधी ग्राबर मास्तरांचं नाव घेतलं, मग माझं.

परतताना मी सगळं सांगितलं, तेव्हा हुसेनभाईंनी विचारलं, "म्हणजे तू पियानो वर आणलाच नाहीस?"

"नाही."

ते म्हणाले, मुंबईहून तारा मागव, पूर्ण सेट मागव. पेटी भरायचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. दोन्ही बहिणींची लग्नं मी याच नोकरीवर केली. नमाजनंतर माझ्या माणसांसाठी दुआ मागतो, त्यात मिसेस केलर आणि त्यांचे मास्तर आजही असतात. मास्तरांना ते चालेल असं मी धरून चालतो.

कामाचा धडा म्हणाल तर एवढाच. गिऱ्हाइकाला 'होणार नाही' असं सांगायची वेळ आली, तर कुठपर्यंत होईल तेही त्याच दमात सांगावं. पुढचं काम पुष्कळदा गिऱ्हाइकालाच येत असतं.