सरासरी एक तास उशीर

कार्तिक वद्य पंचमी, सकाळचे पावणेआठ. काम: अंगण सारवणे. आमच्या सुमनला बघायला पाहुणे यायचे होते आणि मी अगदी निवांत होते, कारण माझं गणित झालं होतं.

गुलबर्ग्याकडची गाडी सोलापुरात आठला यायची. (यायची म्हणजे वेळापत्रकात.) मी मुलींच्या शाळेत अंकगणित शिकवणारी, अंदाजावर चालणं मला शोभत नाही. घर स्टेशनजवळ, गाडीची शिटी ऐकू येते. तेव्हा महिनाभर चुलीमागच्या भिंतीवर रोजची तिथी लिहून कोळशानं नोंद ठेवली: पाव तास उशिराला एक रेघ. तीस दिवसांत रेघा एकशेवीस. दिवसाला चार. म्हणजे सरासरी उशीर एक तास. गाडी नऊला!

हे साडेसातलाच कोट चढवून टांगा बघायला निघाले होते. मी त्यांना परत फिरवून न्हाव्यापुढे बसवलं.

"आधीच दोन स्थळं हातची गेलीत," हे म्हणाले. "पाहुणे स्टेशनावर ताटकळले तर हेही जाईल."

"गणितावर विश्वास ठेवा," मी म्हणाले.

आठला शिटी झाली. कोपरापर्यंत शेणात माखलेली सुमन म्हणाली, "आई, गाडी आली."

"मालगाडी असेल. तू सारव."

साडेआठला दारात टांगा थांबला आणि मुलाची आई नि काका उतरले. समोर मुलगी शेणात, बाप अर्ध्या दाढीत आणि मी जुनेरं नेसून, ओले केस पाठीवर सोडून! बरं, गप्प बसावं की नाही? मी म्हणाले, "अर्धा तास लवकर आलात."

काकांनी खिशातलं घड्याळ काढलं. "गाडी वेळेवर आली, बाई. स्टेशनावर कोणी नव्हतं."

"सरासरीनं ती नऊला येते." (बुडणारा माणूस हातातलं सोडत नाही.)

ह्यांनी साबणासकट डोळे मिटले.

शेवटी मुलाच्या आईला मी आत नेऊन भिंतच दाखवली. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण रेघा बघायला ती लागत नाही. अठरा दिवस कोरे, आठ दिवस एकेक रेघ आणि चार दिवशी अठ्ठावीस-अठ्ठावीस रेघांचं रान. ह्या चार दिवशी काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. रुळांचं काम निघालं होतं, मी सांगितलं.

"आमच्या घरात आम्ही चौघं दोन-दोन भाकऱ्या खातो," त्या म्हणाल्या, "आणि हे आमचे भाऊजी बारा. वाटून बघितलं तर माणशी चार होतात. पण चार खाणारं माणूस घरात एकबी नाही की हो."

मी भिंतीकडे पुन्हा बघितलं. तासभर उशिराचा दिवस तिसांत एकही नव्हता. चार दिवसांनी सरासरी आपल्याकडे ओढून नेली होती, आणि ती जिथं जाऊन बसली तिथं गाडी कधी आलीच नव्हती. इतकी वर्षं मी मुलींना बेरीज करून भागायला शिकवलं. आधी आकड्यांकडे नीट बघा, असं एकदाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी सुमनला दोन-चार गोष्टी विचारल्या, जेवल्या, मुक्कामाला राहिल्या. होकार नाही, नकार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाणी झाले होते. परतीची गाडी सातची. पाहुण्यांना साडेसहालाच स्टेशनावर नेऊन बसवलं. गाडी आली दुपारी दोनला! सुमननं बांधून दिलेल्या बारा भाकऱ्या काकांनी दहालाच संपवल्या होत्या. गाडीचा धूर दिसला तशा माझ्याशेजारी बाकावर बसलेल्या बाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "मग विहीणबाई, आजच्या रेघा किती?"

लेकीचं लग्न ठरलं, हे शेजारच्या हमालालासुद्धा कळलं. मी मात्र बोटं मोजून उत्तर दिलं, "अठ्ठावीस."