काचेतलं हसू

फोटोवाल्याने एखाद्या लहान मुलाला हसवलं नाही, असं आमच्या रस्त्यावर कधी घडलं नाही. रडकं, किरकिरं, झोपेतून उठवून आणलेलं, कसलंही पोर आणा. हा गृहस्थ स्टुलावर चढायचा, गाल फुगवायचा, डोळे तिरळे करायचा, नाक वर ढकलून मांजरासारखा ओरडायचा. पोर खिदळलं की खटका. शेजारीच माझं फ्रेमचं दुकान. भिंतीपलीकडच्या त्या माकडचेष्टा ऐकत मी वर्षानुवर्षं काचा कापल्यात.

हाच कलावंत मागच्या दाराने घरात शिरला की त्याच्या तोंडाला इस्त्री व्हायची. मुलगी सात वर्षांची, एकुलती एक. तिला वळण लावायचं कंत्राट त्याने स्वतःकडे घेतलं होतं. हात मात्र कधी उगारला नाही, याचा त्याला भारी अभिमान. मी नुसतं बघतो, असं तो सांगायचा. तो बघायचा आणि पोरीचा घास हातातच राहायचा. जेवताना हसली, बघितलं. दात दिसले, बघितलं. बाप बोलताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो उद्धटपणा, म्हणून पुन्हा बघितलं. लाड केले की पोरं डोक्यावर बसतात, हे तो बायकोला ऐकवायचा तेव्हा त्याच्या डोक्यावर गिऱ्हाइकाच्या बाळासाठी घातलेली झालरीची टोपी तशीच असायची.

आम्हा शेजाऱ्यांनाही कोण कौतुक. किती शहाणी मुलगी, घरात आवाज म्हणून नाही.

मग रस्त्याच्या टोकाला नवा स्टुडिओ निघाला. तिथल्या मालकाने दर्शनी काचेत स्वतःच्याच जुळ्यांचा हसरा फोटो लावला आणि आमच्याकडची बाळं तिकडे जाऊ लागली. एका बाईने तर फोटोवाल्याला तोंडावर विचारलं, तुम्हाला मूलबाळ नाही का? ते त्याला फार लागलं. त्याच संध्याकाळी त्याने मला मोठी फ्रेम करायला सांगितली. आता त्याच्याही काचेत त्याची मुलगी लागणार होती, खळखळून हसणारी. नाहीतर धंदा बसलाच.

सकाळी त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, तिला नवा फ्रॉक घातला. मी फ्रेमचं बोलायला म्हणून गेले आणि तिथेच रेंगाळले. मुलगी पडद्यापुढे हात अंगाला चिकटवून उभी होती, नजर जमिनीवर. बापाने इकडे बघ म्हटलं तेव्हा तिने बघितलं आणि लगेच मान खाली घातली. वहिनी हळूच म्हणाल्या, जरा गोडीने घ्या. गोडी मला शिकवू नकोस, तो माझा धंदा आहे, असं त्याने सुनावलं.

"हस," तो मुलीला म्हणाला.

तिने दात झाकून ओठ ताणले.

शेवटी तो स्टुलावर चढला. गाल फुगवले, डोळे तिरळे केले, नाक वर ढकललं. सगळ्या रस्त्याच्या पोरांना पाठ असलेलं ते तोंड त्याच्या मुलीने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ती मागे सरकत पडद्याला टेकली.

"बाबा, मी काय केलं?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला त्याचा इतका संताप आला की मी तडक बाहेर पडले. वाटलं, आता तरी या माणसाला काही उमजेल.

उमजलं ना. चार दिवसांनी माझ्याकडे फ्रेमला आला तो बेकरीवाल्याच्या मुलीचा फोटो. पुढचे दोन दात पडलेले, हसून हसून डोळे मिटलेले. गिऱ्हाइकं हल्ली काचेपाशी थांबून विचारतात, तुमचीच का हो? त्याची मुलगी तेव्हा शाळेतून येऊन दप्तरासकट तिथेच उभी असते.

"हो," तो म्हणतो, तिच्यादेखत.