मुठीतली माती

काल अंतोनकाकांना पुरायला आम्ही वसईच्या दफनभूमीत जमलो होतो. पेटी खड्ड्यात उतरली, की प्रत्येकाने मूठभर माती टाकायची आणि बाजूला व्हायचं, हा आमचा साधा रिवाज. माझ्यापुढे दोन विद्वान उभे होते. चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे पास्कूसर आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे रॉबर्टसर. दोघांनी वाकून माती उचलली आणि तिथेच त्यांची जुंपली.

"देवाने हीच माती घेतली, श्वास फुंकला, माणूस झाला. विषय संपला!" पास्कूसर मूठ नाचवत म्हणाले.

"फुंकर मारून जीव येतो होय? कोट्यवधी वर्षं लागली त्याला," म्हणत रॉबर्टसरांनी आपली मूठ त्यांच्या नाकापुढे धरली.

जीव कुठून आला, हा प्रश्न एवढा मोठा, की तो विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली यावा. या दोघांचा चढतच होता. एकाला देवापेक्षा देवाची वकिली लाडकी, दुसऱ्याला शोधापेक्षा जिंकणं. आणि पायाशी, जीव गेलेला शेजारी.

"माती टाका ना हो," काकांची बायको, रोझीकाकू, रडता रडता म्हणाली.

ऐकतो कोण! वाद घालतच दोघे फाटकापाशी गेले, तिथल्या नळाखाली त्यांनी हात धुतले. मुठीतली माती गटारात वाहून गेली. रुमालाला हात पुसत पास्कूसरांनी मला विचारलं,

"बरं, अंतोनला झालं काय होतं?"