जिभेला चिकटलेलं हाड

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि जीवाश्मांचा धडा आला की दर वर्षी एक वाक्य ठासून सांगितलं, आपल्या रत्नागिरीच्या मातीत हाड टिकत नाही. वर्ग हिरमुसायचा आणि मला, खरं सांगतो, त्यात मजा यायची. टीव्हीवर डायनासोर बघून आलेल्या पोरांचं विमान जमिनीवर उतरवणं हे मास्तराचं कामच आहे.

जीवाश्म व्हायचं तर मेल्यानंतर नशीब लागतं. जनावरानं योग्य जागी मरायला हवं, एखाद्या तळ्याच्या नाहीतर नदीच्या गाळात. कोल्ह्याकावळ्यांनी फन्ना उडवण्याआधी गाळानं त्याला झाकायला हवं. मांस कुजून जातं, हाडाच्या बारीक छिद्रांत पाण्याबरोबर क्षार झिरपत राहतात आणि लाखो वर्षांनी हाडाच्याच आकाराचा दगड उरतो. आमच्याकडे खाली लाव्हाचा काळा दगड, वर तांबडा जांभा. लाव्हात सापडलेल्या प्राण्याचा जीवाश्म होत नाही, धूर होतो. आणि जांभ्याच्या आंबट मातीत आमचा चार महिन्यांचा पाऊस मुरतो, तो पुरलेलं हाड हळूहळू खाऊन टाकतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण ते दुसऱ्याच्या जमिनीपुरतं.

निवृत्त होऊन मी गावी आलो. शेजारीच थोरल्या भावाचं घर. भाऊ वारलेला, मुलगे मुंबईत, घरात वहिनी एकट्या. मागच्या पावसात त्यांनी घरामागच्या उतारावर हापूसची चाळीस कलमं लावली होती. कलमांना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं, नाहीतर ती उभ्याउभ्या वाळतात. वाडीची विहीर खाली, आणि चढ असा की रिकाम्या हातानं चढणाराही धापा टाकतो. म्हणून वहिनींनी शिमगा आटोपताच पाणाड्याकडून पाण्याची जागा काढून घेतली आणि विहीर खणायला माणसं लावली. वेळेत पाणी लागलं तर कलमं जगणार, नाहीतर जाणार, इतका साधा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी छातीभर खोलीवर हाडं लागली. एक पायाचं हाड वर काढलं, तर तांबडंलाल आणि हातात चांगलं जड. मी चहा अर्धा टाकून धावलो. वहिनी खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, आमचा बैल आहे तो. इथंच पुरलेला."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं, पण मास्तर हसून थांबत नाही. मी त्यांना गाळापासून क्षारांपर्यंत अख्खा धडा उभ्याउभ्या शिकवला. बैलाचं हाड इतकं जड नसतं म्हणून सांगितलं, रंग बघा म्हटलं. जांभ्यातल्या लोखंडानं आमचं धोतरसुद्धा तांबडं होतं, मग हाड का होणार नाही, हा प्रश्न शाळेतल्या कुठल्याही ढ पोरानं विचारला असता. मला तो सुचला नाही, कारण तोवर मी मनातल्या मनात वर्तमानपत्रात फोटोला उभा राहिलो होतो.

जुन्या हाडाला ओली जीभ लावली तर चिकटते, छिद्रं ओल ओढून घेतात म्हणून, असं मी कुठंतरी वाचलेलं. तेव्हा साऱ्या वाडीसमोर मी ते हाड धुतलं आणि चाटलं. जीभ चिकटली. लोक आ वासून बघत राहिले आणि मी विजयी मुद्रेनं मान हलवली. बायकोनं मात्र पुढचे आठ दिवस माझा पेला वेगळा ठेवला. तिचं म्हणणं, हाड कुणाचंही असो, चाटणारा आपल्या घरातला आहे.

मग मी काम थांबवायला लावलं. असल्या वस्तू राष्ट्राच्या असतात, कुदळीचा एक घाव पडला तर इतिहास आपल्याला क्षमा करणार नाही, वगैरे बरंच बोललो. खड्ड्यावर ताडपत्री टाकली. सरपंचांनी येऊन तिला लाल फीत बांधली, कापण्यासाठी की राखण्यासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गुरवांनी तो राक्षसाचा पाय ठरवला आणि देवीनं त्याला नेमका कुठं मारला ती जागाही दाखवली. मुंबईचा चुलतभाऊ तर सगळ्यांच्या पुढं. ज्या माणसानं बारा वर्षांत घराचं कौल बदललं नाही, त्यानं घराण्याच्या ग्रुपवर कातळावर सिमेंटचा डायनासोर उभा करायचं ठरवून टाकलं, शेजारी पर्यटकांसाठी खोल्या, खाली सोलकढी. मी त्याला दुरुस्त केलं ते एवढंच, की डायनासोर म्हणू नये, अजून निश्चित व्हायचंय.

खणणारी माणसं चार दिवस पारावर बसून राहिली आणि राजापूरकडे दुसऱ्या कामाला निघून गेली. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर एक हंडा, कमरेला एक कळशी, अशा वहिनी खालच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. मी ओट्यावर बसून संशोधकांना पत्रं लिहीत असे, त्या समोरून जात. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, वहिनी, थोडी कळ काढा, हे तुमच्याच नावावर लागणार आहे. चैत्र संपता संपता कलमांची पानं कडेनं करपायला लागली.

मेच्या मध्याला पुतण्याच्या ओळखीनं भूशास्त्र शिकवणारी एक तरुण बाई आली. मी तिच्यासाठी खुर्ची, टेबल, भिंग आणि टिपणांची वही मांडून ठेवली होती. तिनं मागितली एक सुई आणि काडेपेटी. सुई लाल होईपर्यंत तापवून तिनं हाडाला टोचली. केस जळल्यासारखा वास आला, सगळ्यांना आला. ती म्हणाली, खऱ्या जीवाश्मात जळायला काही उरलेलंच नसतं, तो दगड असतो. हे पुरून फार तर पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. आणि जीभ अशा हाडालाही चिकटते, सर.

सरपंचांना तालुक्याला काम आठवलं. गुरव त्याआधीच सटकले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ती बाई मन लावून काम करणारी होती. इतक्या लांब आले आहे तर बघते, म्हणाली आणि खड्ड्यात उतरली. जबडा उचलून म्हणाली, दात मुळापर्यंत झिजलेत, म्हणजे म्हातारा होऊन मेला. खुरांवरची हाडं रुंदावलीत, म्हणजे आयुष्यभर नांगर ओढला. मग तिनं माझं ते लाडकं हाड हातात घेऊन मधल्या गाठीवर बोट फिरवलं. पाय मोडून पुन्हा जुळलेला आहे, म्हणाली. मोडल्या पायाचं एवढं जनावर आपापलं जगत नाही, कुणीतरी दोन-तीन महिने त्याला जागेवर चारापाणी दिलेलं आहे. हे ऐकून मी लाज विसरलो. वा, वा, म्हटलं. बिनबोलतं हाड काय काय सांगतं बघा, असं म्हणत मी ते एकेक वाक्य वहीत उतरवून घेतलं, तारीख घालून.

बाई गेली. मी ताडपत्रीची घडी घालत होतो. वहिनी हंडा घेऊन वर येत होत्या. त्यांना मी उत्साहानं ते मोडलेल्या पायाचं सांगितलं. त्यांनी हंडा उतरवला. बैलाचा पाय कासरा त्यांच्याच हातात असताना मोडला होता, भाताच्या चिखलणीच्या वेळी. भाऊ म्हणत होता विकून टाकू. त्यांनी ऐकलं नाही, कळकाच्या पट्ट्या बांधल्या आणि पावसाळाभर कापलेलं गवत त्याच्या तोंडाशी नेलं. गोठा माझ्या ओट्यापासून वीस पावलांवर आहे, आणि त्या पावसात माझी बदली व्हायची होती म्हणून मी महिनाभर घरीच बसून होतो. मला काहीही आठवेना. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून उलट मीच विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. त्या पोरीनं सांगितलं ते वहीत लिहून घेतलंत."

मी काहीतरी पुटपुटलो, राजापूरला निरोप धाडतो, माणसं परत आणतो, असं. वहिनींनी हंडा पुन्हा डोक्यावर घेतला.

"आता नको माणसं," त्या म्हणाल्या. "आता कलमं अकराच उरलीत. तेवढ्यांना माझं पाणी पुरतं."